फासकी, हाका आणि बंदूक : रानडुकराच्या मांसाविषयी थोडे स्पष्ट बोलणे

गेल्या भाद्रपदात आपल्या मंडळाच्या मासिक सभेत भातपिकाच्या राखणीचा विषय निघाला असता एका वयोवृद्ध सभासदांनी मध्येच असा प्रश्न टाकला की, “फासकीत सापडलेल्या डुकराचे मांस चांगले, की बंदुकीने मारलेल्याचे?” सभेत हशा पिकला, अध्यक्षांनी पुढील विषय पुकारला आणि तो प्रश्न तेथेच राहिला. घरी परतताना मात्र तो माझ्या मनातून जाईना. ज्यास आपण विनोद म्हणून हसलो, त्याच्या पोटी आपल्या पंचक्रोशीतील एक मोठे गुपित दडलेले आहे. फासकी लावणारा मनुष्य विचारल्यास सांगतो की, ती पिकासाठी लावली. परंतु ती लावताना त्याच्या डोळ्यांपुढे जितके शेत असते, तितकीच चुलीवरची हंडीही असते. हे आपण सारे जाणतो आणि कोणीच बोलत नाही. यास्तव त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर सरळपणे द्यावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रस्तुत लेखक पंडित नव्हे. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. महसूल खात्यात शिपाई म्हणून लागलो, पुढे कारकून झालो आणि पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झालो. डोंगराच्या पायथ्याशी वडिलोपार्जित दीड एकर भाताची जमीन आहे, ती आजही कसतो. मांसाच्या शास्त्राविषयी येथे जे लिहिले आहे, ते पशुवैद्यकीतील जाणत्यांकडून समजून घेतलेले आणि पुस्तकांशी ताडून पाहिलेले आहे. फासकीविषयीचे बरेचसे डोळ्यांनी पाहिलेले आहे.

प्रथम आपल्या मुलखाची स्थिती. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या बाजूच्या पंचाण्णव गावांच्या जमिनींवर नवी मुंबई वसविण्याचे ठरले. त्यानंतरच्या अर्धशतकात खाजणे भरली, टेकड्या कापल्या गेल्या, भाताच्या खाचरांवर इमारती उठल्या. तरी खारघरचा डोंगर, पारसिकची रांग, माथेरानच्या डोंगराच्या सोंडा आणि कर्नाळ्याचे रान यांच्या पायथ्याशी अद्याप शेती आहे आणि रानात डुकरेही आहेत. कर्नाळ्याचे रान १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे. दाणा दुधात आला, की कळप रात्री खाली उतरतो. डुक्कर जितके खाते त्याहून अधिक लोळवते आणि उकरते. रताळी, कणगर, सुरण यांचा तर वाफाच्या वाफा उलथून टाकते. ज्याने आषाढात चिखलणी करून, मजुरीचे पैसे मोजून लावणी केली, त्याने आश्विनातील एका सकाळी बांधावर उभे राहून आडवे झालेले पीक पाहिले, म्हणजे त्याच्या मनाची काय अवस्था होते, हे मला कोणी सांगावयास नको. दोन वर्षांपूर्वी माझा निम्मा तुकडा असाच एका रात्रीत गेला.

भरपाईची तरतूद आहे. अर्ज, पंचनामा, सह्या, असा तिचा मार्ग आहे. मी स्वतः असे कागद तयार केले आहेत; म्हणून सांगतो की, ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे त्याचा मार्ग लांब असला तरी मोकळा असतो. परंतु आपल्याकडे अनेक जमिनी कागदोपत्री संपादनात गेल्या, प्रत्यक्षात मात्र अजून जुनाच शेतकरी त्या कसतो. डुक्कर सातबारा पाहून शिरत नाही. भरपाई मात्र सातबारा पाहूनच मिळते. अशा मनुष्याने तारेचा तुकडा उचलला, तर त्याचा राग मला समजतो. त्याचा मार्ग मात्र मला मान्य नाही.

आता कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तीत मारणे, विष घालणे, पकडणे, फासात धरणे, सापळ्यात धरणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सर्व येते. तेव्हा “मी बंदूक उडविली नाही, केवळ तार लावली,” हा बचाव कायद्यापुढे एक क्षणही टिकत नाही. पूर्वी या कायद्यात शिकारीचे परवाने वेगळे आणि सापळ्याचा परवाना वेगळा होता. १९९१ च्या दुरुस्तीने ते सर्व बंद झाले. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकास घातक ठरलेले जनावर मारण्याची लेखी परवानगी कलम ११ खाली मिळू शकते. परंतु अशा परवानगीने मारलेले जनावरही कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता होते. त्याचा देह वा मांस कोणाच्या ताब्यात आले, तर अठ्ठेचाळीस तासांत वर्दी द्यावी लागते. मोडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. ही स्थिती लक्षात ठेवूनच पुढील मजकूर वाचावा. चोरून खाणाऱ्यास कृती सांगण्यासाठी हा लेख नाही.

मग मांसाची चर्चा करावी तरी कशास? अशासाठी की, दंडाचे भय दाखवून फासक्या कमी झाल्या नाहीत, हे मी पस्तीस वर्षे पाहिले आहे. कायद्याचे भय रानात पोहोचत नाही. परंतु ज्या मांसाच्या लोभाने फासकी लागते, ते मांसच निकृष्ट आहे आणि प्रसंगी विषासमान आहे, हे एकदा पटले, तर तारेचा निम्मा मोह तेथेच सुटेल.

जनावर मेले म्हणजे लगेच त्याचे मांस होते असे नाही. स्नायूचे मांस होण्यास काही काळ लागतो आणि त्या काळात जे घडते त्यावर चव, मऊपणा व टिकाऊपणा अवलंबून असतो. जिवंत जनावराच्या स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखरेच्या जातीची शिदोरी साठविलेली असते. धावणे, झगडणे, भिणे या सर्व क्रियांत ती खर्च होते. जनावर शांत असता एकाएकी मेले, तर ही शिदोरी जवळजवळ पूर्ण शिल्लक राहते. रक्त थांबल्यावर ती हळूहळू मोडते आणि तिचे लॅक्टिक आम्ल बनते. दही ज्याने आंबते तेच हे आम्ल. दूध विरजल्याने जसे त्यात नासविणाऱ्या जंतूंचा जोर कमी होतो, तसेच या आम्लाने मांस काही काळ सुरक्षित राहते. आम्लता मोजण्याचे पी.एच. नावाचे माप आहे. त्यात आकडा जितका लहान, तितके आम्ल अधिक. जिवंत स्नायूत तो सुमारे ७ असतो. चांगल्या मांसात तो दिवसभरात साडेपाचाच्या आसपास उतरतो.

परंतु मरणापूर्वीच शिदोरी संपली असेल तर? तर आम्ल बनावयास काही उरतच नाही. आकडा ६ च्या वर अडकून राहतो. असे मांस काळपट लाल दिसते, हातास चिकट लागते, कोरडे व घट्ट असते आणि लवकर नासते; कारण जंतूंना अडविणारे आम्ल त्यात नसते. जगभरातील कत्तलखान्यांत हा दोष ठाऊक आहे आणि तो टाळण्यासाठी जनावरास मारण्यापूर्वी विश्रांती देतात. याच्या उलट एक दोष आहे. तो विशेषकरून पाळीव डुकरांत आढळतो. अगदी शेवटच्या काही मिनिटांत जनावर घाबरले, तर अंग तापलेले असतानाच आम्ल भराभर बनते आणि मांस फिकट, लिबलिबीत व पाणी सुटणारे होते. तात्पर्य, मरणापूर्वीचा वेळ जनावराने कसा घालविला, हे मांसात लिहिलेले असते. आमच्या दप्तरात जशी नोंद राहते, तशीच ही नोंद. खाडाखोड करता येत नाही.

आता एकेक रीत घेऊ.

पहिली फासकी. गाडीच्या ब्रेकची तार किंवा तसलीच बारीक पोलादी तार डुकराच्या वाटेवर लावतात. डुक्कर रात्री नवाच्या सुमारास अडकले, तर लावणारा पहाटे येईपर्यंत ते सात-आठ तास झगडते. तार कमरेस किंवा पायास बसली, तर ती कातडे कापून आत शिरते. सारी शिदोरी संपते. स्नायूंचे तंतू तुटतात. आत रक्त साकळते. जिवंत धरलेल्या रानजनावरांत अशा झगड्याने स्नायूच सडू लागतात आणि सुटका झाल्यावरही जनावर दगावते, हे पशुवैद्यांस चांगले ठाऊक आहे. तार गळ्यास बसली, तर जनावर मध्यरात्रीच मरते आणि सकाळपर्यंत तसेच पडून राहते. रक्त बाहेर गेलेले नसते, आतडी भरलेली असतात आणि आपल्याकडील आश्विनातील रात्र म्हणजे काही थंड कपाट नव्हे.

काही वर्षांपूर्वी एका पंचनाम्यास मी वनरक्षकांबरोबर गेलो होतो. ओढ्याच्या काठी करंजाच्या बुंध्यास तार बांधलेली, भोवतीची माती बैलाने मळणी केल्यासारखी तुडविलेली आणि मध्ये एक मध्यम वयाची मादी मरून पडलेली. देह पुरण्यापूर्वी पशुवैद्यांनी तो उघडला. मांडीचे मांस जांभळट काळे होते आणि कमरेभोवती हाताएवढ्या रुंदीचा पट्टा साकळलेल्या रक्ताने भरला होता. खड्डा खणावयास बोलाविलेला एक वृद्ध कातकरी जवळ उभा होता. ज्याच्या बापजाद्यांनी रानावर गुजराण केली, असा तो मनुष्य. तो म्हणाला, “भाऊसाहेब, ही रातभर तडफडलीय. असलं मास आमी पण खात नाय.” पशुवैद्यांनी मला जे नंतर अर्धा तास समजावून सांगितले, ते त्याने दोन वाक्यांत सांगितले होते.

दुसरी रीत हाक्याची. माझ्या लहानपणी गावोगाव पारध निघे. हाकारे डबे वाजवीत डोंगर उतरत, कुत्री पुढे, आणि वाटा धरून बसलेले बंदूकवाले खाली. संध्याकाळी वाटे पडत. राखणदारास, कुत्रेवाल्यास, गावच्या देवासही वाटा असे. त्या मांसाच्या आठवणी गोड आहेत; परंतु आठवण गोड असते ती वयामुळे. माझ्या आईला ते मांस शिजविण्यास चुलीवर अर्धा दिवस लागे, हेही मला आठवते. कुत्र्यांनी तासभर पळविलेल्या जनावराची शिदोरी संपलेली असते. १९९७ साली इंग्लंडात पॅट्रिक बेटसन या प्राणिशास्त्रज्ञांनी कुत्र्यांकरवी पाठलाग करून मारलेल्या सांबरवर्गीय हरणांची तपासणी केली. त्यांच्या स्नायूंतील साखर संपलेली आणि रक्तपेशीही फुटलेल्या आढळल्या. त्यांच्या अहवालावरून तेथील नॅशनल ट्रस्ट या संस्थेने आपल्या जमिनींवर तशी शिकार बंद केली. डुक्कर हरणाहून आखूड पायांचे व जाड अंगाचे. लांब पाठलागात त्याचे हाल अधिकच व्हावयाचे.

तिसरी रीत गावठी बाँबची. आमिषात दारू भरून ते वाटेवर टाकावयाचे आणि डुकराने चावताच जबडा उडावयाचा. हिला मी रीत म्हणतो, ती केवळ मोजणीसाठी. जबडा फुटलेले जनावर रानात निघून जाते आणि पुष्कळदा दिवसांनी मरते. हाती लागलेच, तर तापाने व पुवाने भरलेले. शिवाय त्या आमिषास गाय तोंड लावते, कुत्रे लावते, पोरही हात लावते. २०२० साली केरळात पालघाट जिल्ह्यात स्फोटक भरलेले फळ चावून एक गाभण हत्तीण मेली, तेव्हा साऱ्या देशाने हळहळ केली. आपल्या रानात गाईंचे जबडे फुटतात, त्याची बातमी होत नाही. विजेची तार सोडण्याविषयी तर लिहावयासच नको. ती डुकरापूर्वी शेजाऱ्याला मारते.

चौथी रीत बंदुकीची. हाका न करता, शेताच्या माळ्यावर गप्प बसून मारण्याची. डुक्कर निर्धास्तपणे चरत असता गोळी मस्तकात, मानेत किंवा काळजात बसली, तर ते जागीच कोसळते. शिदोरी शिल्लक राहते आणि मांसाच्या दृष्टीने याहून चांगले मरण नाही. परंतु यातील ‘तर’ मोठा आहे. जुन्या ठासणीच्या बंदुकीने, अंधारात, विजेरीच्या उजेडात मारलेला बार पोटात बसला, म्हणजे आतड्यांतील घाण साऱ्या पोकळीत पसरते. जखमी डुक्कर मैलभर जाते आणि सकाळी रक्ताच्या मागावर सापडते. ते फासकीतल्या डुकराहून फार वेगळे नसते. शिवाय शिशाची गोळी फुटून तिचे कण जखमेभोवती दूरवर पसरतात आणि शिसे अंगास बाधते, मुलांस विशेष. म्हणून ‘बंदुकीचे मांस चांगले’ असे सरसकट म्हणता येत नाही. ‘चांगल्या नेमाचे चांगले’ एवढेच म्हणता येते.

पाचवी रीत, जी आपल्याकडे फारशी नाही, ती कोंडवाड्याची. जाळीचे मोठे कुंपण, आत धान्य आणि पडते दार. डुकरे आठ-दहा दिवस निर्भयपणे आत येऊन खावयास शिकतात, मग एके रात्री दार पडते आणि सारा कळप कोंडला जातो. कोणास जखम नाही, गळ्यास तार नाही. दार पडताच काही काळ धडका होतात, परंतु माणसांची गर्दी झाली नाही, तर जनावरे शांत होतात. पहाटेच नेमबाजाने काम आटोपले, तर मांस माळ्यावरून मारलेल्याच्या तोडीचे राहते. मात्र सकाळी सारा गाव तमाशा पाहावयास जमला, पोरांनी दगड मारले, दुपारपर्यंत जनावरे उन्हात धडका देत राहिली, तर कोंडवाडा आणि फासकी यांत काय अंतर उरले?

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. फासात धरणे वाईट आणि मारणे चांगले असे नाही, किंवा उलटही नाही. जनावरास भीतीची पहिली जाणीव झाल्यापासून प्राण जाईपर्यंत किती वेळ गेला, हा एकच हिशेब खरा. तो वेळ क्षणाचा असेल, तर मांस उत्तम. घटकाभराचा असेल, तर मध्यम. रात्रीचा असेल, तर ते अन्न म्हणण्यास योग्य नाही. या हिशेबात फासकी सर्वांच्या खाली येते. आणि आश्चर्य असे की, जनावराच्या यातनांचा हिशेब मांडला, तरी क्रम हाच लागतो. दयेचा आणि जिभेचा कौल क्वचितच जुळतो. येथे तो जुळला आहे.

मरणानंतरचे घंटेही तितकेच महत्त्वाचे. डुकराच्या अंगाची ऊब ३९ अंशांच्या आसपास असते आणि चरबीच्या थरामुळे ती लवकर निघत नाही. युरोपातील नियमाप्रमाणे मोठ्या शिकारीचे मांस ७ अंशांपर्यंत थंड करावे लागते. आपल्या दमट हवेत बर्फाची सोय नसता, रक्त न काढलेले व पोट न उघडलेले जनावर चार घंटे पडून राहिले, म्हणजे त्याचा निकाल लागलाच समजावा. वय आणि लिंग यांचाही भाग आहे. एकटा हिंडणारा जुना नर कसाही मारला, तरी त्याच्या चरबीस उग्र दर्प येतोच. तो नरपणाच्या द्रव्यांचा असतो, मारण्याच्या रीतीचा नव्हे.

रोगांचे प्रकरण याहून गंभीर आहे. रानडुकराच्या स्नायूंत ट्रायकिनेला नावाचे सूक्ष्म कृमी वेटोळे घालून असू शकतात. अर्धकच्चे मांस खाणाऱ्यास ताप, सूज आणि स्नायूंचा ठणका लागतो, आणि प्रसंगी जीवही जातो. युरोपात विक्रीस येणारे प्रत्येक रानडुक्कर या कृमीसाठी तपासावे लागते. डोळ्यांनी हा कृमी दिसत नाही, मीठ लावून वा धुरी देऊन तो खात्रीने मरत नाही. मांस आतपर्यंत पुरते शिजले, तरच मरतो. गावाच्या उकिरड्यावर फिरणाऱ्या डुकरांत फीतकृमीचे बीजही असते. २०२० साली आसाम व अरुणाचलात प्रथम आढळलेला आफ्रिकन डुक्करताप २०२३ च्या आरंभी दक्षिणेत मुदुमलाईच्या रानडुकरांतही आढळला. तो माणसास होत नाही. परंतु चोरून आणलेल्या मांसाच्या धुवणातून तो पाळीव डुकरांत गेला, तर वराहपालन करणाऱ्या गरिबाचे एका आठवड्यात वाटोळे होते. फासकीचे मांस रात्री, लपून, घाईने वाटले जाते. तेथे तपासणी कोण करणार?

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न कसा सोडविला, तेही पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत माजलेली रानडुकरे शेतीचे अतोनात नुकसान करतात. तेथे शिकाऱ्याने स्वतः मारलेल्या डुकराचे मांस बाजारात विकता येत नाही. विकावयाचे असल्यास जनावर बहुधा सापळ्यात जिवंत धरून कत्तलखान्यात न्यावे लागते, म्हणजे मरणापूर्वी व मरणानंतर त्याची तपासणी होते. ऑस्ट्रेलियात याच्या उलट, नेमबाज रात्री रानात डुक्कर मारतात, ते लगेच शीतगृहात पोहोचवितात, आणि तेथून तपासलेले मांस युरोपात जाते. एका देशाने सापळा निवडला, दुसऱ्याने बंदूक. परंतु दोहोंनी तपासनीस मात्र सोडला नाही. दोहोंपैकी कोठेही तारेच्या फासास मांसाच्या व्यवहारात स्थान नाही.

आपल्या देशातही हालचाल झाली आहे. २०१६ साली उत्तराखंडात काही मुदतीपुरते रानडुकरास उपद्रवी ठरविण्यात आले. २०२२ साली केरळाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांस डुकरे मारण्याचा हुकूम देण्याचे अधिकार दिले. विष, स्फोटके व वीज वापरावयाची नाही आणि देह पुरावयाचा, अशा अटी त्यास आहेत. महाराष्ट्रातही २०१५ च्या शासननिर्णयाने पिकास उपद्रव देणाऱ्या डुकरांच्या व रोह्यांच्या पारधीसाठी परवानगीचा मार्ग आखून दिला. मार्ग आहे; त्यावरून चालणारा एकटा पडतो, हे आपले दुखणे आहे.

यास्तव मंडळापुढे माझ्या काही सूचना आहेत. पहिली, आपल्या सभासदांपैकी कोणी आपल्या शेतात फासकी लावणार नाही आणि दुसऱ्यास लावू देणार नाही, असा ठराव पुढील सभेत व्हावा. फासकीत डुकरापेक्षा बिबट्या अडकला, तर काय होते, हे कोकणातील वर्तमानपत्रे वाचणाऱ्यास सांगणे नको. बिबट्या पहिल्या अनुसूचीतील जनावर आहे आणि त्याची शिक्षा तीन वर्षांपासून सुरू होते. दुसरी, डुकरांचा उपद्रव असलेल्या गावांनी एकेकट्याने अर्ज न करता गावाच्या वतीने, पिकांच्या नोंदी, छायाचित्रे व गट क्रमांक यांसह, एकत्र अर्ज करावा. अशा अर्जाचा मसुदा मी विनामूल्य लिहून देईन. पस्तीस वर्षे दुसरे काय केले? तिसरी, परवानगी मिळाल्यास ती बजावण्याचे काम हौशी बारवाल्यांकडे न देता खात्याने नेमलेल्या चांगल्या नेमबाजाकडे द्यावे. आणि जेथे कळप मोठा आहे, तेथे खात्याच्या देखरेखीखाली कोंडवाडा उभारावा. एकेक डुक्कर मारल्याने कळप फुटतो आणि दहा शेतांत पसरतो. डुकरीण चार महिन्यांच्या आत वेते आणि एका वेताला चार-सहा पिले देते. कळपच्या कळप धरल्याशिवाय राखण होत नाही. चौथी, कर्नाळ्यापासून दहा किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या ज्या सभासदांकडे पीकसंरक्षणाच्या बंदुका आहेत, त्यांनी कलम ३४ प्रमाणे आपली नोंद झाली आहे की नाही, ते पाहून घ्यावे. नोंद नसलेली बंदूक अडचणीच्या वेळी शेत राखत नाही, उलट मालकास गोवते.

शेवटची गोष्ट सांगताना मला कचरावयास होते, तरी सांगतो. परवानगीने मारलेल्या डुकराचा देह खड्ड्यात पुरावा, हे ज्या गरिबाच्या घरी महिन्यातून एकदा मांस शिजते त्यास पटत नाही. आणि मलाही ते पूर्णपणे पटत नाही. अन्न मातीत घालणे आपल्या संस्कारास धरून नाही. परंतु तपासणी, शीतगृह आणि हिशेब यांची व्यवस्था नसता मांस मोकळे केले, तर उद्या पिकाच्या नावाने बाजार भरेल आणि रान रिकामे होईल. व्यवस्था आधी, वाटा नंतर, हा क्रम आपण मान्य करावा आणि त्या व्यवस्थेची मागणी उघडपणे, लेखी, सह्या करून करावी. तोवर खड्डाच बरा.

काहीजण म्हणतील की, पेन्शन खाणाऱ्याने असे लिहिणे सोपे आहे. त्यांस माझे एवढेच सांगणे की, या हंगामातही माझ्या माळ्यावर मी स्वतः जागल केली आहे. पहाटे तीनच्या सुमारास कळप ओढ्याच्या अंगाने उतरला, तेव्हा मी डबा वाजविला, विजेरी फिरविली. चार पेंढ्या गेल्या, बाकी राहिले. शेजारच्या रानातून मात्र त्याच रात्री एक किंकाळी ऐकू आली आणि ती उजाडेपर्यंत थांबली नाही. दुसऱ्या दिवशी त्या बाजूने मांसाचा वाटा माझ्या घरी आला. प्रेमाने आला होता. मी तो हात जोडून परत केला. ज्या सभासदांनी भाद्रपदात प्रश्न विचारला, त्यांना माझे उत्तर तेच आहे.

— एक निवृत्त महसूल कारकून, बेलापूर